काळी तार

वर्धा जिल्ह्यातल्या जामच्या चौकात, हैदराबादकडची गाडी जिथं प्रवासी भरायला थांबते, त्याच्या अगदी समोर कांताचं टिनाचं दुकान. ट्रॅक्टरची वायरिंग, ट्रकची वायरिंग, डायनामो, सेल्फ, हॉर्न. नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं, बाई आता कुलूप लावील आणि दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाईल. बाईनं कुलूप लावलं नाही. शिकली चौथीपर्यंत, पण लाल तार कोणती आणि काळी कोणती एवढं कळायला चौथी पुष्कळ झाली.

तिकडच्या सगळ्या मिस्त्र्यांची कामाची रीत एकच. लाल तार बॅटरीवरून ओढून न्यायची आणि काळी, म्हणजे मायनस, जवळच्या लोखंडावर बोल्टानं आवळून टाकायची. 'मायनस बॉडीले' म्हणतात त्याला. तार वाचते, वेळ वाचतो. ट्रॅक्टर रबराच्या चाकांवर उभा; त्याच्या लोखंडातला करंट त्याच्याच घरात फिरतो, बाहेर कोणाला त्याचा ताप नाही. कांताचा नवरा असंच करायचा, कांताही असंच करायची.

मे महिन्याच्या मध्यात, सकाळी सकाळी, धरणावरचे चौकीदार लक्ष्मणराव एक थैली घेऊन दुकानात आले. थैलीतून त्यांनी एक काळा डबा काढला. वेटोळ्या तारेला लटकलेला हातात धरायचा माइक, समोर दोन कळा, आकडे दिसायची काच.

"कांताबाई, हे बोटीत बसवता येईन काय?"

"काय हाय? टेप?"

"टेप नाई व. वायरलेस. समुद्रावरच्या बोटीत राह्यते थो. पुराच्या कामासाठी कोकणातून जुनी लोखंडी बोट आली ना धरणावर, तिच्यासंग दोन सेट आले. एक बोटीत बसवाचा, एक माह्या चौकीत. बोट मधात अडकली तं मले कळलं पाह्यजे."

"वर्ध्यात समुद्र आणला म्हणा ना मंग!"

लक्ष्मणराव हसले. मग आठवून आठवून म्हणाले, "ज्यानं पाठवला त्या साहेबानं फोनवर बजावलं बरं का. दोन्ही तारा सरळ बॅटरीवरून आणा. फ्यूज बॅटरीजवळच टाका, दोन्ही तारांवर. अन् बोटीच्या लोखंडाले काहीच जोडू नका."

"काऊन?"

"खाली पाणी हाय म्हणे."

"ट्रॅक्टरखाली जमीन राह्यते. मंग?"

लक्ष्मणरावांनी डबा उलटसुलट करून पाहिला. हातातल्या डायनामोचा स्क्रू पिळता पिळता तिनं सहज विचारलं, "बोट चालवते कोण?"

लक्ष्मणराव जमिनीकडे पाहायला लागले.

"राकेश… तुमचा जवाई."

स्क्रू तिथंच थांबला.

लेक नाहीशी होऊन दोन वर्षं होत आली होती. कांताची एकुलती एक लेक मेघा राकेशला दिली होती, धरणाकाठच्या गावात. राकेश दारू प्यायचा नाही, जुगार खेळायचा नाही, नुसता मारायचा. पाणी ओढायच्या इंजिनाचा तुटका रबरी पट्टा त्यानं खुंटीला टांगून ठेवला होता आणि तो पट्टा मेघाच्या पाठीसाठीच होता. कांतानं दोनदा लेक घरी आणली, दोनदा समाजाच्या चार माणसांनी समजावून परत धाडली. मग एका श्रावणात निरोप आला, मेघा घरात नाही. राकेश म्हणाला, पळून गेली, जामवरून हैदराबादच्या गाडीत बसली.

जामवरून! कांताच्या दुकानासमोरून! पोटची पोर आईच्या डोळ्यासमोरून गाडीत बसून जाते आणि आईला दिसत नाही? कांतानं पोलीस चौकीत तक्रार दिली, राकेशच्या दारात जाऊन त्याची गचांडी धरली, गावासमोर त्याला खुनी म्हटलं. तो म्हणायचा, गेली. ती म्हणायची, मारलीस आणि धरणात टाकलीस. मेघा मेली की जिवंत आहे, हे काही कोणी तिला सांगू शकलं नाही. दोन वर्षं ती घास गिळत होती ते फक्त तेवढं कळावं म्हणून.

"मी येतो बसवाले," कांता म्हणाली. "आजच येतो."

*

दुपारी बाराला ती धरणावर पोचली. उन्हानं डोळ्यापुढं पांढरं पांढरं होत होतं. पाणी पार खाली गेलं होतं. काठाचा गाळ भेगाळलेला, त्यातून मेलेल्या झाडांचे काळे बुंधे वर आलेले, आणि सगळ्यावर कुजक्या शेवाळाचा आणि मेलेल्या मासळीचा वास. वारा नाही, पाखरू नाही. भर दुपारी पाण्याकाठी एकटं जाऊ नये म्हणतात, पण कांता असल्या गोष्टी मानणारी नव्हती. "भुतंखेतं आमचा आजा छप्पन सालीच नागपुरात सोडून आला," असं ती उघड म्हणायची.

राकेश बोटीत बसून होता. तिला पाहून उठला.

"मामी… तुम्ही?"

"काऊन जवाईबापू? घाम काऊन फुटला?"

"ऊन हाय."

"हो ना. ऊनच हाय."

कांता कामाला लागली. मागच्या फळीखाली बॅटरी होती. तिनं लाल तारेवर फ्यूज टाकला, तार बोटीच्या वरच्या अंगानं क्लिपा मारत पुढं नेली, तळाच्या पाण्याला लागू दिली नाही. काम चोख. सेट पुढच्या पट्टीवर आवळला. काळी तार मात्र आखूड निघाली, वीतभर. जामला परत जाऊन आणायची तर दिवस मोडला असता. तिनं बोटीच्या आतल्या अंगाला एक बोल्ट हेरला, पॉलिश पेपरनं रंग खरवडला, लोखंड चकाकायला लागल्यावर काळी तार तिथं लावली आणि चौदाच्या पान्यानं आवळून टाकली. हात सवयीनंच गेला. त्या लोखंडाच्या पल्याड धरणाचं पाणी होतं, एवढंच.

लक्ष्मणराव काठावरून ओरडले, "झालं का व? दुसरा सेट अजून खोक्यातच हाय, अन् या सेटचं एरियल बी लावाचं हाय. जेवून घेतो मी, मंग पाहू!" आणि चौकीकडे गेले.

कांतानं कपाळाचा घाम पदरानं पुसला. "जवाईबापू, बोट मधात घ्या. इंजिन चालू असताना तार गरम होते का पाहाची हाय."

खोटं नव्हतं ते. पण सगळं खरंही नव्हतं. धरणाच्या मधात माणसाला पळायला जागा नसते, हे तिनं जामलाच ठरवलं होतं.

मधोमध आल्यावर तिनं इंजिन बंद करायला लावलं. इंजिनाचा आवाज गेला तसा कानात नुसता शांततेचा दडा बसला. काठ दूर, उन्हात थरथरणारा. तिनं सेटची कळ फिरवली. काचेत पिवळा उजेड आला, आकडा दिसला, खरखर सुरू झाली.

"आता सांग, राकेश," ती म्हणाली. "इथी समाज नाई, पोलीस नाई. माही मेघा कुठी हाय?"

"तेच ते काऊन इचारता, मामी? गेली थे."

"कुठी गेली?"

तेवढ्यात खरखर थांबली.

आधी एक आवाज आला. चट्. मग पुन्हा, चट्. कोणीतरी ओलं कापड दगडावर आपटावं तसा, पण कापडाचा नव्हे. मधे मधे कोणाचा तरी श्वास, दातांत आवळलेला. चट्. कांताच्या अंगावरचा घाम थंड पडला. तो आवाज तिनं एकदा ऐकला होता, लेकीच्या घराच्या कुडाबाहेर उभं राहून.

रबरी पट्टा.

"बंद करा थे," राकेश म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

कांतानं कळ फिरवली. आवाज गेला नाही. तिनं मागं जाऊन बॅटरीवरचा फ्यूज उपटला. काचेतला पिवळा उजेड विझला. डबा मेला. आणि मेलेल्या डब्यातून, अगदी हळू…

"माय…"

कांताचा हात फ्यूजसकट छातीवर गेला.

"माय… कितीचा पाना देऊ?"

लहानपणी मेघा दुकानात बसायची, ट्रॅक्टरखाली निजून काम करणाऱ्या मायला पाने काढून द्यायची. दिवसभर तिचं हेच चालायचं, कितीचा पाना देऊ, माय, कितीचा देऊ. हे राकेशला ठाऊक नव्हतं. हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"पोरी," कांता डब्यावर वाकली. "कुठी हाय तू?"

"खाली… लय थंड हाय, माय. गाळ तोंडात जाते…"

"कोणं टाकलं तुले?"

पुन्हा एक चट्. मग, "तुह्या समोर तं बसून हाय…"

राकेश ताडकन उठला. बोट डोलली. "खोटं हाय हे! मामी, आईची शप्पत खोटं हाय! मारत होतो मी, हो, मारत होतो, जनावर होतो मी! पण जिवानं नाई मारलं! पिवळ्या बॅगेत कपडे भरून गेली थे, माह्यादेखत गेली! मी म्हटलं, जाय, मर तिकडं…"

"मर म्हटलं ना?"

"मामी…"

"चौदाचा देऊ, माय?" डब्यातून आलं.

पाणी संथ होतं. बोट स्थिर झाली होती. तरी थैलीतला चौदाचा पाना फळीवरून घरंगळत आला आणि कांताच्या पायाला लागून थांबला.

तिनं तो उचलला आणि पहिला घाव त्याच्या जबड्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला हातातून कळला. तो मागं कोलमडला, मग दोन्ही हातांनी तिच्या गळ्याला आला. त्याच्या तोंडातलं रक्त तिच्या चेहऱ्यावर सांडत होतं, एक दात तिच्या पदरात पडला. ट्रॅक्टरची चाकं उचलणारी बाई होती ती. तिनं गुडघा त्याच्या पोटात हाणला, पाना त्याच्या कानशिलावर हाणला, पुन्हा हाणला. दोन वर्षांचा एक एक दिवस त्या पान्यात होता. तो बोटीच्या कडेवरून उलटा झाला आणि पाण्यात गेला.

राकेश धरणाकाठचा. मासळीसारखा पोहणारा. लगेच वर आला, बोटीची कड दोन्ही हातांनी धरली.

"मामी… हात द्या. खाली… खाली कोणी तरी…"

त्याच्या डोळ्यांत आता कांताची भीती नव्हती. तो तिच्याकडे पाहतही नव्हता; मान वाकवून स्वतःच्या पायांखाली पाहत होता.

"दे त्याले," डबा म्हणाला. आवाज मेघाचा, अगदी लाडीगोडीचा, जत्रेत फुगा मागावा तसा. "दे ना, माय. इकडं दे."

कांतानं पाना उचलला आणि कडेवरच्या बोटांवर आपटला. एक हात सुटला. दुसऱ्यावर आपटला. "लेक मागते माही," ती म्हणत होती, "लेक मागते…" बोटं चेंदली तरी सुटेनात, तेव्हा तिनं ती एक एक करून उचकटली.

तो बुडाला नाही. बुडणारा माणूस हातपाय मारतो, वर यायला धडपडतो. हा एका झटक्यात गेला, विहिरीत पोहरा सोडावा तसा. पाणी उडालंही नाही. वर्तुळंसुद्धा उठली नाहीत.

डबा गप्प झाला.

कांतानं ओंजळीनं तोंड धुतलं, पाना धुतला, पदर धुतला. मग काठाकडे तोंड करून जिवाच्या आकांतानं ओरडायला लागली, "लक्ष्मणभाऊ! धावा! पोट्टं पडलं पाण्यात!"

*

पाय घसरला, कडेवर आपटला, पडला, हे तिनं सांगितलं ते कागदावर चढलं. प्रेत शोधायला आलेल्या गळवाल्यांना तिनं नेमकी जागा दाखवली. आणखी खाली पाहा, गाळात पाहा, म्हणून त्यांच्या मागं लागली. लोकांना वाटलं, जावयासाठी बाईचा जीव तुटतो. ती वाट पाहत होती लेकीच्या हाडांची. पण खाली गाळ नव्हताच. सपाट खडक होता, पुसून काढल्यासारखा. राकेश सापडला तो बराच पुढं, बुंध्यांमध्ये अडकलेला.

काठावर त्याला पालथा टाकला तेव्हा लक्ष्मणरावांनी तोंड फिरवलं. पाठभर वळ होते. रुंद, निळेकाळे, एकावर एक, रबरी पट्ट्याचे. जाळ्याचे दोर लागले असतील, असं कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी ते पटकन मान्य केलं.

कांता मात्र त्या रात्री दोन वर्षांनी पोटभर जेवली.

जूनच्या तोंडावर लक्ष्मणराव पुन्हा दुकानात आले. बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "कांताबाई, थो सेट नीट करून द्या. नाई तं काढून न्या. बोट काठाले बांधून हाय, आत कोणी नाई, अन् थो बोलते."

"काय बोलते?"

"मी जवळ जात नाई व. बाईमाणसाचा आवाज हाय."

या वेळी कांतानं तार मोजून नेली. लाल, काळी, दोन फ्यूज. साहेबानं सांगितलं होतं तसं करायचं: दोन्ही तारा बॅटरीवरून, आणि लोखंडाला काही नाही. लेकीचा सूड झाला होता. आता तिला पाण्यातून सोडवायचं. उन्हं कलली होती तरी उजेड पुष्कळ होता. ती बोटीत उतरली, सेटसमोर बसली, आणि बोल्टाला पाना लावण्याआधी हळूच म्हणाली, "पोरी, तुहं मागणं दिलं तुले. आता झोप."

खरखर. मग, "झोप नाई येत, माय…"

"मले तार सोडू दे."

"नको ना. मी एकटीच हाय."

"आता तं थो हाय तिथी."

"त्याले पुरलं नाई…"

पण ती कांता होती. तिनं पाना फिरवला, बोल्ट ढिला केला, काळी तार ओढून काढली आणि मांडीवर घेतली. डबा एकदम गप्प झाला. ती तशीच बसून राहिली, दुसऱ्यांदा पोर गमावल्यासारखी.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"माय?"

कांतानं आधी डब्याकडे पाहिलं. मग फोनकडे.

"माय, मी मेघा. ऐकू येते काय? आदिलाबादच्या पुढं हावो मी, एका मिलमध्ये कामाले. काल पहिल्यांदा मावशीच्या पोट्टीले फोन केला, तिनं सांगतलं, थो मेला म्हणे. खरं काय, माय? मंग आता मी फोन करू शकतो ना? थो हाय तोवर भेव वाटे, तुह्यापासून पत्ता काढून येईन म्हणून…" ती रडायला लागली होती.

कांतानं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला. "तू… तू गेली कशी?"

"तुह्या दुकानासमोरूनच गेली, माय. पिवळी बॅग होती माह्याजवळ. तू ट्रॅक्टरखाली होती. तुहे नुसते पाय दिसले. हाक मारली असती तं तू जाऊ दिलं नसतं… न् मारल्याशिवाय जीव राहत नोता. गाडी सुटेपर्यंत तुह्या पायाकडंच पाह्यत होती मी."

पिवळी बॅग. कडेवरची ती बोटं कांताच्या डोळ्यासमोर आली, एक एक करून उचकटलेली.

"खरंच मेघा हाय काय तू?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "सांग. लहानपणी दुकानात बसून मले काय इचारत होती तू?"

फोनमधली पोर रडता रडता हसली. "पागल झाली काय व? कितीचा पाना देऊ, माय. अजून काय?"

कांतानं डोळे मिटले. जिवंत होती. लेक जिवंत होती.

"माय…" समोरच्या डब्यातून, त्याच आवाजात, अगदी हळू आलं, "कोणाचा फोन हाय?"

फोनमधलं रडणं थांबलं.

"माय?" मेघा कुजबुजली. "तुह्याजवळ कोण हाय? माह्यावाणी कोण बोलून राह्यलं?"

कांतानं खाली पाहिलं. काळी तार तिच्या मांडीवर होती, कशालाही न जोडलेली, सुटी. तिच्या तांब्याच्या टोकातून पाणी गळत होतं. थांबतच नव्हतं.